मासीला दिलेलं केळं

आमच्या वर्गात बाकं नव्हती, चटया होत्या. एका चटईवर दोघींनी बसायचं आणि त्या दोघींची घरची भाषा वेगळी असली पाहिजे, असा नियम होता. एक दिवस पहिलीने दुसरीला काहीतरी शिकवायचं, दुसऱ्या दिवशी दुसरीने पहिलीला. वर्ग चालवणाऱ्या संस्थेच्या प्रशिक्षणात ही पद्धत ऐकली तेव्हा मला मनातून बरं वाटलं होतं. बायका एकमेकींशी बोलत राहिल्या की शिकवणारीला कमी बोलावं लागतं, आणि मला बोलण्यापेक्षा बघणं जास्त जमतं.

वर्ग सुरतेच्या गोडादऱ्यात, एका देवळाच्या मागच्या खोलीत, दुपारी भरायचा. सकाळचा स्वयंपाक उरकलेला आणि मुलं शाळेतून यायची असतात, त्या मधल्या वेळात. बहुतेक बायका खान्देशातल्या. नवरे लूमच्या खात्यात, यंत्रमागांवर कामाला, आणि बायका घरी बसून साड्यांना चमकते स्टोन चिकटवायच्या. बोटांच्या टोकांवर गोंद वाळून पांढरा झालेला असायचा, आणि मी फळ्यावर लिहीत असताना त्या तो सोलत बसायच्या. काही बायका काठियावाडी होत्या. त्यांना गुजराती बोलता यायचं, पण वाचता यायचं नाही. खान्देशातल्या बायकांना गुजराती वाचायलाही शिकायचं होतं आणि न घाबरता बोलायलाही.

मी स्वतः इंग्रजी माध्यमातली. बाबा बँकेत, घर सुरतेतच, अडाजणला, मूळ गाव साताऱ्याकडचं. पहिल्या दिवशी मी मराठीत बोलायला लागले तेव्हा मागच्या चटईवरची एक बाई शेजारणीला म्हणाली, की ही बातम्या दिल्यासारखं बोलते. सगळ्या हसल्या. मग त्या आपसात अहिराणीत बोलायला लागल्या आणि मला निम्मं कळेना. मराठी असूनही मी तिथे परकी होते. का कोण जाणे, पण त्यामुळे मला थोडं मोकळं वाटलं.

ही गोष्ट त्यातल्या एका चटईवरच्या दोघींची आहे.

एकीला सगळ्या वहिनी म्हणायच्या. वय तिशीच्या आसपास, गाव नंदुरबारकडचं, लग्न होऊन सुरतेला आली त्याला बरीच वर्षं झाली होती. मुलगी गुजराती शाळेत जायची. शाळेतल्या बाईंचे निरोप फोनवर येत आणि ते मुलीकडूनच वाचून घ्यावे लागत. मुलगी हवं तेवढंच वाचून दाखवते, अशी वहिनीची तक्रार होती.

दुसरी मासी, म्हणजे मावशी. पन्नाशीची, काठियावाडातली, वहिनीच्याच गल्लीत चार घरं सोडून राहणारी. साड्यांचे सुटे धागे कापायचं काम करायची. मुलगा एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात होता. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. माझं नाव तिने पहिल्याच आठवड्यात बाजूला ठेवलं आणि मला ‘मूंगी बेन’ म्हणायला लागली. मूंगी म्हणजे मुकी. मी रागावले नाही, कारण ते खरंच होतं.

एकाच गल्लीत इतकी वर्षं राहूनही या दोघी चटईवर बसेपर्यंत एकमेकींशी कधी बोलल्या नव्हत्या. दुपारी गल्लीतल्या गुजराती बायका मासीच्या दारापुढच्या ओट्यावर बसायच्या, भाजी निवडायच्या. वहिनी तिथून जाताना खाली बघून जायची. तिला कुणी हटकलं नव्हतं आणि कुणी बोलावलंही नव्हतं. तिची समजूत अशी होती, की आपण काहीतरी चुकीचं बोलू आणि त्या हसतील.

चटईवर मासीने तिला सगळ्यात आधी काय शिकवलं, तर भांडायला. भाजीवाल्याने जुनी भेंडी दिली तर काय म्हणायचं, रिक्षावाल्याने पर्वत पाटियाच्या थांब्याआधीच उतरवलं तर काय म्हणायचं. वहिनी अगदी हळू आवाजात ती वाक्यं म्हणायची. मासी सांगायची, असं बोललीस तर तो तुला अजून भेंडी देईल. मग वहिनीने आवाज चढवला आणि खोलीतल्या सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. बदल्यात वहिनीने मासीला अहिराणी गाण्यांच्या ओळी शिकवल्या. ळ आणि ण मासीला कुठेच अडले नाहीत, पण अर्थ मात्र ती स्वतःच्या मनाने लावायची. मासीला गुजराती क (ક) आणि फ (ફ) या अक्षरांतला फरक कळायला उशीर लागला. वहिनीला तो लवकर कळला होता. ती मासीचं बोट धरून पाटीवर फिरवायची, आणि मासी म्हणायची, सुनेने सासूला शिकवायचे दिवस आले.

पावसाळा सुरू झाला तेव्हा मासीने वहिनीला ओट्यावर नेऊन बसवलं. ते मला वहिनीने सांगितलं. फार काही झालं नाही म्हणाली, गवार निवडली. पण सांगताना तिचा चेहरा असा होता, की मी फळा पुसायच्या निमित्ताने पाठ फिरवली. आम्ही राहतो त्या इमारतीत दारं बंद असतात आणि तिथे मला कुणी काही निवडायला बोलावलेलं नाही, हे त्या वेळी माझ्या मनात आलं.

श्रावणात कानबाई आली. नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशातल्या घरांत ही देवी बसते. नारळाला डोळे, नथ, दागिने, चौरंगाला केळीचे खांब. गोडादऱ्यात त्या दिवशी घराघरांतून गाणी ऐकू येतात. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. आमच्याकडे कानबाई नाही. वहिनीने मला दर्शनाला बोलावलं आणि मासीलाही. आदल्या आठवड्यात तिने चटईवर मासीला कानबाईचीच माहिती सांगितली होती. तिच्या गुजरातीत बसेल तेवढी. घर कसं रंगवतो, गहू कसे निवडतो, सोमवारी देवीला तापीवर कसं नेतो. रोटांबद्दलही, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्यांबद्दलही, सांगितलं होतं, की कानबाईचे रोट म्हणजे सगळ्यात मोठा मान. मासीने ते ऐकून ठेवलं.

ते रोट घरचे आणि भाऊबंदच फक्त खातात, बाहेरच्या कुणाला देत नाहीत, एवढं मात्र सांगायचं राहिलं. मुद्दाम नाही राहिलं. वहिनीच्या दृष्टीने ती सांगायची गोष्टच नव्हती. ते सगळ्यांना माहीतच असतं, असं तिला वाटत होतं.

मी पोचले तेव्हा मासी आधीच आली होती. ठेवणीतली साडी, हातात नारळ. पदर डोक्यावर घेऊन तिने चौरंगापुढे डोकं टेकलं आणि बराच वेळ तशीच राहिली. आतल्या खोलीत भाऊबंद पंगतीला बसले होते. दारातून ताटं दिसत होती. जाड रोट, खीर, लाल भोपळ्याची भाजी. तुपाचा वास बाहेरपर्यंत येत होता. मासी भिंतीला टेकून बसली आणि वाट बघायला लागली. ती प्रसादाची वाट बघते आहे हे मला कळत होतं, आणि वहिनीची धांदलही दिसत होती. वहिनी आत गेली, बाहेर आली, परत आत गेली.

शेवटी तिची सासू बाहेर आली. बारीक, वाकलेली म्हातारी. नवरा गेल्यावर गावाकडची देवी तिने स्वतःच्या मांडीवर घेऊन सुरतेला आणली, असं वहिनी सांगायची. तिच्या हातात केळी होती. एक तिने मला दिलं. एक मासीला दिलं. मला देताना तिने माझ्या हातात ठेवलं. मासीला देताना तिचा हात वरच थांबला आणि केळं खाली मासीच्या ओंजळीत पडलं.

सगळं एका क्षणात झालं. मासीने केळ्याकडे बघितलं, मग दारातून आतल्या ताटांकडे. मग उठली, ‘आवजे’ म्हणून वहिनीचा निरोप घेतला आणि गेली. जाताना हसली नाही, आणि मासी हसली नाही हे मी तेव्हा पहिल्यांदाच बघितलं. ओट्यावरच्या दोन बायका दर्शनाला येत होत्या. त्यांच्याशी न बोलता ती पुढे गेली.

सोमवारी विसर्जन, वर्गाला सुट्टी. मंगळवारी चटईवर वहिनी एकटीच होती. बुधवारीही. मासी घरी आहे, धागे कापते आहे, बरी आहे, पण येत नाही, असं शेजारच्या बाईने सांगितलं. तिनेच पुढचंही सांगितलं. मासीच्या गावी तिच्या लोकांना दुसऱ्यांच्या दारात पाणी वरून ओतून देत. पेला हातात देत नसत. त्यालाच कंटाळून मासीच्या नवऱ्याने सुरत गाठली. इथे कोण कुणाला विचारतंय, असं म्हणून.

वहिनी खाली बघून गोंद सोलत हे ऐकत होती. वर्ग सुटल्यावर ती थांबली. मला म्हणाली, की तुम्ही जाऊन तिला समजावा. तुमचं गुजराती चांगलं आहे, तुम्ही शिकलेल्या, तुमचं ती ऐकेल. रोट कुणालाच देत नाहीत, भाऊबंद सोडून कुणालाच नाही, एवढंच सांगा. तिला भीती होती ती वेगळीच. मासी गेली तर ओटा गेला. पुन्हा खाली बघून त्या गल्लीतून चालायचं, आणि या वेळी त्या बायकांच्या मनात कारणही असणार.

मी लगेच हो म्हणाले नाही. मी बोलले असते तर ते संस्थेचं बोलणं झालं असतं. आणि मी ते केळं पडताना बघितलं होतं. रोटांचं मला समजावता आलं असतं, त्या हाताचं काय सांगायचं ते मला माहीत नव्हतं. मी वहिनीला म्हटलं, की मी बरोबर येते, पण बोलायचं तू.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा वहिनीने आपल्या नणंदेलाही बरोबर घेतलं. कानबाईसाठी ती नंदुरबारहून आलेली, अजून परत गेली नव्हती. मासी ओट्यावर साडी पसरून धागे कापत होती. आमच्याकडे तिने बघितलं आणि कात्री चालू ठेवली. बसा असं म्हणाली नाही.

वहिनीने तोंडपाठ करून आणलेली वाक्यं म्हटली. घाईघाईत म्हटली, त्यामुळे मधलंच एक गळलं. मासीने पुढचा धागा कापला. तेव्हा नणंद पुढे झाली. तिला गुजराती अजिबात येत नव्हतं. ती सरळ अहिराणीत बोलली.

“मी त्याच घरनी पोर शे. तरी माले बी रोट देतस नही. माले बी केळंच दिन्हं.”

लग्न झाल्यावर मुलगी दुसऱ्या घरची होते, म्हणून तिलाही कानबाईचा रोट मिळत नाही. जन्म त्या घरातला, लहानपणी तीच रोट लाटायला मदत करायची, आणि आता पंगत बसली की ती बाहेरच्या खोलीत. वहिनीने ते मोडक्या गुजरातीत मासीला सांगितलं. या वेळी पाठांतर नव्हतं, म्हणून जास्त नीट सांगितलं.

मासीची कात्री थांबली.

“अमारे निवेदमां य दीकरीने नो देवाय,” ती म्हणाली.

म्हणजे त्यांच्या कुलदेवीच्या नैवेद्याचंही तसंच होतं. लापशी करायची ती घरच्यांनीच खायची, लेकीला द्यायची नाही. तिची स्वतःची मुलगी दर वर्षी त्या दिवशी मुद्दाम येत नाही, असं ती म्हणाली. आधी यायची तेव्हा तोंड पाडून बसायची, आणि मग जावई विचारायचा, काय झालं. नणंदेला कळलं असावं, कारण ती हसली. म्हणाली, की मी पण घरी नवऱ्याला सांगते, पोटभर रोट खाऊन आले. मासीही हसली, जरा कमी आवाजात.

मला वाटलं, झालं. वहिनीलाही तसंच वाटलं असणार. तिने ओट्यावर टेकायला साडी थोडी बाजूला सारली. पण मासीने ती साडी पुन्हा ओढून घेतली.

“रोटनुं समजी गई,” ती म्हणाली. “पण हाथ ऊंचो केम राख्यो’तो?”

रोटांचं समजलं, पण हात वर का धरला होता. नणंदेलाही केळं दिलं, मूंगी बेनलाही दिलं. त्यांना पण असंच टाकलं का? प्रश्न विचारताना तिने आवाज चढवला नव्हता. रस्त्यावरून एक टेम्पो साड्यांचे गठ्ठे घेऊन गेला.

वहिनीला सुटायला वाटा होत्या. देवीचं सोवळं होतं म्हणता आलं असतं. म्हातारीचा हात कापतो म्हणता आलं असतं. नणंद तसं काहीतरी सुरूही करणार होती. वहिनीने तिच्या हाताला धरून तिला थांबवलं.

“मने खबर छे,” वहिनी म्हणाली. “में जोयुं’तुं.”

मला माहीत आहे, मी बघितलं. एवढंच. मग तिने बाकीचं सांगितलं, शब्द शोधत शोधत. तू येणार म्हटल्यावर सासूने तुझी जात विचारली होती. मी सांगितली नाही, पण तिने दुसरीकडून काढली. केळं पडलं तेव्हा मी दारातच होते आणि काही बोलले नाही.

मासीने मान हलवली. रागाने नाही, तिला हवं होतं ते मिळाल्यासारखी. मग म्हणाली, की रोट तुमचे तुम्हाला. मला नकोत. तुझी सासू माझ्या घरचा चहा पिईल का, ते मला सांग. वहिनी म्हणाली, ती कबूल होणार नाही. मासी म्हणाली, विचार तरी. आणि तू पिशील का? वहिनी तिथेच, ओट्यावर, सगळ्या गल्लीला दिसेल अशी बसली आणि म्हणाली, चहा ठेव.

दुसऱ्या दिवशी मासी वर्गाला आली, पण दुसऱ्या चटईवर बसली. वहिनीने आपली चटई थोडी तिच्या बाजूला सरकवली, आणि मी ती तशीच राहू दिली. मधल्या सुट्टीत वहिनी मला सांगायची. घरी सासूने बोलणं टाकलं होतं. म्हातारी वाईट नाही, असंही ती सांगायची. गल्लीत ताप आला होता तेव्हा याच म्हातारीने चार घरची पोरं सांभाळली होती. पण त्या वेळी पोरं तिच्या घरी आली होती, ती कुणाच्या घरी गेली नव्हती. आता भाऊबंदांत बोलणं झालं तर पुढच्या वर्षी पंगतीला कोण येणार, आणि देवी काय म्हणेल, असं ती एकटीच चौरंगाच्या जागेकडे बघून पुटपुटत बसते. वहिनी रोज दुपारी मासीच्या ओट्यावर चहा प्यायची आणि घरी जाऊन ते सांगायची. न विचारता सांगायची.

तोडगा नणंदेने काढला. परत जायच्या आदल्या दिवशी तिने आईला विचारलं, की मला केळं देताना तू माझा हात दाबला होतास. का दाबलास? म्हातारी म्हणाली, तुला रोट देता येत नाही, मग जीव तुटतो, म्हणून. नणंद म्हणाली, त्या बाईच्या मुलीलाही मिळत नाही. त्या बाईचाही जीव तुटतो, तिने सांगितलं मला. म्हातारी उठून लेकीची पिशवी भरायला लागली, असं वहिनी म्हणाली.

नणंद गेली त्या दुपारी मी वर्ग संपवून निघाले होते. वहिनीचं घर वाटेत लागतं. नणंदेला रिक्षात बसवायला सगळ्या गल्लीच्या तोंडाशी आल्या होत्या. रिक्षा गेली. म्हातारी तिथेच उभी राहिली, पदराने डोळे पुसत. लेक गेल्यावर घरी लगेच जाववत नाही तशी. मासीचं दार समोरच होतं. मासी बाहेर आली. बोलावलं नाही, नुसती दारात उभी राहिली. वहिनी दोघींच्या मध्ये उभी होती.

म्हातारी मासीच्या ओट्याच्या कडेला बसली. अगदी कडेला, उठून जाता येईल अशी. पाय दुखतात असं काहीतरी म्हणाली.

मासी आत गेली. आल्याचा वास आला. ओट्यावरच्या बाकीच्या बायका भाजी निवडत राहिल्या, कुणी वर बघितलं नाही, आणि ते त्या मुद्दाम करत होत्या. मी रस्त्याच्या पलीकडे एका दुकानापाशी थांबले. मला काही घ्यायचं नव्हतं. दुकानदाराने काय पाहिजे विचारलं तेव्हा मी एक साबण घेतला.

मासीने कपबशी आणली आणि पुढे धरली. ओट्यावर ठेवली नाही, धरून उभी राहिली. म्हातारीने ती बघितली. मग सुनेकडे बघितलं, आणि सून दुसरीकडे बघत होती. कप घेताना तिची बोटं मासीच्या बोटांना लागली. तिने चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि प्यायली.

“साखर जास्ती शे,” ती म्हणाली.

मासीने वहिनीला विचारलं, काय म्हणाली. वहिनीने गुजरातीत सांगितलं.

“काले ओछी नाखीश,” मासी म्हणाली.

उद्या कमी घालते. म्हातारीला ते सांगायची गरज पडली नसावी. उद्या येईन असं ती म्हणाली नाही, येणार नाही असंही म्हणाली नाही. तिने उरलेला चहा बशीत ओतला आणि निवडायला पसरलेल्या गवारीतल्या काही शेंगा, कुणी न सांगता, स्वतःकडे ओढून घेतल्या.